कोलोनचा कार्निव्हल: बघायला जाऊ नका, सोंग घेऊन जा

एसटी_मास्तर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

दरवर्षी जानेवारी संपत आला की आमच्या आखनच्या (जर्मनीत, कोलोनजवळ) व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच सुरू होतं, कार्निव्हलला कोलोनला जायचं का, गर्दी किती असते, सेफ आहे का वगैरे. मग शेवटी निम्मी पोरं परीक्षेचं कारण सांगून खोलीत बसतात आणि उरलेली काळं जॅकेट घालून जातात, कडेला उभं राहून व्हिडिओ काढतात आणि रात्री परत येऊन म्हणतात काही खास नव्हतं, नुसते दारुडे होते. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय, पुढच्या वर्षी नुसती लिंक टाकीन.

माझं म्हणणं एकच. जाणार असाल तर कॉस्च्युम करूनच जा, नाहीतर खरंच खोलीत बसून अभ्यास करा. कोलोनमध्ये त्या दिवसांत साध्या कपड्यातला माणूसच विचित्र दिसतो. ट्रॅमचा ड्रायव्हर लाल नाक लावून असतो, बेकरीतली बाई मधमाशी झालेली असते, आणि तुम्ही मात्र ऑफिसला निघाल्यासारखे. कोणी हाकलत नाही, पण कोणी बोलायलाही येत नाही. तेच अंगावर काहीतरी सोंग असलं की अनोळखी माणसं स्वतःहून येऊन विचारतात तू कोण, कुठून आलास, चल आमच्यात उभा राहा. एरवी लिफ्टमध्ये हॅलोच्या पुढे न जाणारी ही माणसं, त्या दिवशी माझ्या खांद्यावर हात टाकून गात होती. आपली भाषा कच्ची असली तरी चालतं कारण ते जे गातात ते कोलोनच्या बोलीत असतं, ते बाकीच्या जर्मनांनाही धड कळत नाही.

वेळापत्रक थोडक्यात. सीझन उघडतो ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी, पण त्यानंतर बराच काळ हॉलमधले कार्यक्रम चालतात. रस्त्यावरचा खरा धुमाकूळ वायबरफास्टनाख्टच्या, म्हणजे बायकांच्या कार्निव्हलच्या गुरुवारी परत ११:११ ला सुरू होतो आणि मंगळवारी मध्यरात्री संपतो. बुधवारी अशरमिटवोख, म्हणजे ईस्टरच्या आधीचे उपास सुरू. तारखा ईस्टरवर ठरतात म्हणून दरवर्षी हलतात, २०२७ मध्ये गुरुवार ४ फेब्रुवारीला येतोय आणि मोठ्या मिरवणुकीचा सोमवार, रोझनमोंटाग, ८ तारखेला.

आता माझं सोंग. मी एसटीचा कंडक्टर झालो होतो. सेकंडहँडच्या दुकानातला खाकी शर्ट दोन साइझ मोठा घेतला म्हणजे आत थर्मल, स्वेटर सगळं बसतं (हे महत्त्वाचं, फेब्रुवारीत तिथे दिवसभर उभं राहायचं असतं), गळ्यात चामड्याची जुनी बॅग, पुठ्ठ्याचा बिल्ला, आणि स्टेशनरीच्या दुकानातून एका भोकाचा पंच. गुलाबी आणि पिवळ्या कागदाची तिकिटं घरी प्रिंट केली, वर देवनागरीत "कोलोन ते स्वारगेट, पूर्ण". आखनहून रेल्वेत बसल्यापासूनच टिकटिक करत फिरायला लागलो, डब्यात नन होत्या, अंतराळवीर होते, एक आख्खं कुटुंब गाजरं झालं होतं. सगळ्यांनी तिकिटं घेतली. एका आजोबांनी, ते चिंध्यांचे झगे घालतात ना तसल्या विदूषकाच्या वेषात होते, त्यांनी तिकीट नीट वाचल्यासारखं केलं आणि विचारलं की खिडकीची जागा आहे का. मी म्हटलं उभं राहावं लागेल. तर म्हणाले मग अर्धं तिकीट दे.

मिरवणूक बघायला जुन्या शहरात कॅथीड्रलपाशी घुसू नका, तिथे श्वास घ्यायला जागा नसते. बहुतेक वर्षी ती दक्षिणेला सेवेरिन्सटोरपासून निघते, तिथे सकाळी लवकर जाऊन उभं राहा, घरगुती पब्लिक असतं, लहान मुलं असतात. रथावरून कामेले फेकतात म्हणजे चॉकलेटं, गोळ्या, वेफरची पाकिटं. दरवर्षी तीनशे टनांच्या आसपास माल उधळला जातो म्हणे. मुकाट उभं राहिलात तर काही मिळत नाही, "कामेलेऽऽ" म्हणून बोंब मारावी लागते. अनुभवी लोक छत्री उलटी धरतात. फुलांचे छोटे गुच्छ मात्र फेकत नाहीत, डोळ्यांत डोळे घालून देतात, ते मिळालं की सोबतच्या आज्या आपलं अभिनंदन करतात.

प्रश्न असतील तर विचारा.

---

शेंगदाणा_लाडू

मस्त लिहिलंय मास्तर! अर्ध्या तिकिटाला फुटलो. :D
म्हणजे आपली विसर्जनाची मिरवणूकच झाली की ही. रथ, बँड, गर्दी, रस्ते बंद.

---

एसटी_मास्तर

@शेंगदाणा, मलाही आधी तसंच वाटलेलं. पण आपल्याकडे मिरवणुकीत पथकं वेषात असतात आणि बघणारे बघे. इथे बघणाऱ्यानेही वेष केलेला असतो. रथावरचा माणूस खालच्याचा कॉस्च्युम बघून मग चॉकलेट कोणाकडे फेकायचं ते ठरवतो. तिकीट दाखवलं की माझ्याकडे डबाच यायचा आख्खा.

---

निळावंती_के

उपयुक्त धागा. मी यंदा ऑक्टोबरमध्ये बॉनला मास्टर्सला आलेय, आम्ही चौघी मैत्रिणी आहोत. दोन प्रश्न. एक, नऊवारी नेसून गेलं तर? आहेतच आणलेल्या, खर्च शून्य. दोन, मुलींनी गुरुवारी जावं का? घरी २०१६ च्या नववर्षाच्या रात्री कोलोन स्टेशनपाशी मुलींवर झालेल्या हल्ल्यांची बातमी अजून आठवते, आई लगेच तेच काढते.

---

कोरा_चहा

नऊवारी बिनधास्त नेसा! सणाचा पोशाख सणाला नाही घालायचा तर कधी. माझा मित्र फेटा बांधून गेला होता, दहा पावलांवर फोटो.

---

वैतागलेला_वेताळ

मी उलट सांगेन. नऊवारी नको. इथल्या दुकानांत "बॉलिवूड" म्हणून पाकिटात कॉस्च्युम मिळतो, चमकीचा टॉप, कपाळावर चिकटवायचा दगड. तो घालून फिरणाऱ्या बायका असतात. त्या गर्दीत तुम्ही खरी साडी नेसून गेलात तर तुमचं रोजचं नेसणं आणि त्यांचं सोंग एकाच रांगेत. आणि मग डोलत डोलत कोणीतरी येऊन मान हलवून दाखवणार. मला एकदा कोणी विचारलं होतं की हा कुर्ता कुठल्या दुकानातून आणला, छान खरा वाटतोय. मी ऑफिसच्या दिवाळी पार्टीतून येत होतो, कार्निव्हलचा ११ नोव्हेंबर आणि दिवाळी एकाच आठवड्यात होती.

---

कोरा_चहा

अहो वेताळ, त्या माणसाने कौतुकच केलं की!

---

वैतागलेला_वेताळ

केलं असेल. मला नाही आवडलं. प्रत्येकाने आपलं बघावं, पण "खर्च शून्य" हे कारण पुरेसं नाही एवढंच म्हणतोय. मास्तरांचा कंडक्टर मला पटला, तो पेशा आहे, त्यात गंमत आहे आणि ती गंमत आपण करतोय, आपल्यावर कोणी करत नाहीये.

---

राजे_०७

मी महाराजांचा वेष करायचा विचार करत होतो, जिरेटोप, दाढी, सगळं. तेवढाच जगाला आपला इतिहास कळेल.

---

खापरपणजी

राजे, नका. भावना समजते पण संध्याकाळी पाचनंतर त्या रस्त्यांवर पायाखाली बिअर असते, कोपऱ्यात लोक भिंतीला तोंड करून उभे असतात (त्याला दंड आहे तरी). तिथे महाराज नकोत. आणि कमरेला खेळण्यातली का होईना तलवार लावली तर पोलीस थांबवून विचारणारच. खऱ्यासारखी दिसणारी हत्यारं आणू नका असं ते दरवर्षी सांगतात. देवादिकांचे वेषही त्याच कारणासाठी नकोत.

---

राजे_०७

हम्म. पाचनंतरचं लक्षात नव्हतं आलं. रद्द.

---

खापरपणजी

@निळावंती, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कोलोनमध्ये बरीच वर्षं काढलीयेत आणि मुलगी आता इथल्याच शाळेच्या मिरवणुकीत चालते. त्या नववर्षाच्या रात्रीनंतर पोलीस बंदोबस्त खूप वाढला आणि तो तसाच राहिलाय. गुरुवार हा मुळात बायकांचाच दिवस. त्या दिवशी बायका पुरुषांचे टाय कात्रीने कापतात, आणि बॉनवाल्यांनी तर यावर हक्कच सांगावा, कारण तुमच्या नदीपलीकडच्या बॉयलमध्ये १८२४ साली कपडे धुणाऱ्या बायकांनी एकत्र येऊन कमिटी काढली, नवरे कोलोनला मजा मारतात आणि आम्ही इथे त्यांचे सदरे घासतो म्हणून. आजही त्या गुरुवारी बॉयलच्या टाउन हॉलवर चाल करून जातात. पहिल्या वर्षी तेच बघा, कोलोनपेक्षा आटोपशीर आहे.

कोलोनला गेलातच तर झुल्पिशर स्ट्रासला शक्यतो जाऊ नका, विद्यार्थी सगळे तिथेच लोटतात, दुपारपर्यंत पोलीस तो भाग भरला म्हणून बंद करतात आणि आत अडकलेले आत. तिथे काचेच्या बाटल्यांना बंदी असते, बॅग तपासतात.

आणि ब्युट्सशन हा प्रकार माहीत असू दे. गालावर ओठ मिटून हलकी पापी. ओळख नसलेली आजी सुद्धा घेते. पण ती विचारून, हसून, आणि नको म्हटलं की विषय संपला. त्यापुढे कोणी गेलं तर तो कार्निव्हलचा रिवाज वगैरे काही नाही, सरळ पोलिसांचा ११० फिरवा. शहराची एडेलगार्ड नावाची मोहीम आहे, मुलींना मदत करणारी, तिची गाडी कार्निव्हलला गर्दीच्या भागात उभी असते, जागा आधी बघून ठेवा. या योजनेत असलेल्या पबमध्ये काउंटरवर जाऊन "लुइझा आहे का?" विचारलं की कर्मचारी काही न विचारता बाजूला नेतात. चौघी आहात तर चौघींनी एकत्रच राहा, मोबाइलला रेंज मिळत नाही तेव्हा भेटायची जागा आधी ठरवा, आणि ती स्टेशन ठरवू नका, स्टेशनवर कोणालाच कोणी सापडत नाही.

---

निळावंती_के

खूप खूप आभार. बॉयलचं माहीतच नव्हतं, मी तिथून रोज ट्रॅमने जाते! आईला हा प्रतिसाद मराठीतच आहे म्हणून थेट पाठवते.

---

उपाशी_बोका

टायबद्दल. आमच्या इन्स्टिट्यूटचे प्रोफेसर त्या गुरुवारी मुद्दाम टाय घालून आले. वर्षभर माणूस स्वेटरमध्ये असतो. टायवर बदकं होती. सेक्रेटरीने कात्री काढल्यावर इतका खोटा आरडाओरडा केला की शेजारच्या लॅबमधले धावत आले. कापलेले तुकडे किचनच्या बोर्डवर पिन करून ठेवलेत, जुने पण आहेत, खाली पेनाने साल लिहिलंय.

बाकी शाकाहारी लोकांसाठी सूचना: कामेलेमध्ये जेलीच्या गोळ्या फार असतात, त्यात जिलेटिन असतं आणि ते बहुतेक वेळा डुकराचं. चॉकलेट आणि वेफर घ्या, बाकीचं शेजारच्या पोरांना वाटून टाका. पोरं खूश, आईबाप खूश, आणि ते मग आपल्याला बर्लिनर देतात. बर्लिनर म्हणजे आत जॅम भरलेला तळलेला गोळा, वर पिठीसाखर. डब्याडब्याने आणलेले असतात घरून.

---

जुने_खोड

धागा छान चाललाय, थोडी इतिहासाची भर.

कार्निव्हल जुनाच पण आजचं स्वरूप १८२३ चं. आधी फ्रेंच आले १७९४ ला, मग १८१५ पासून प्रशियन. कडक शिस्तीचे प्रशियन अधिकारी आणि ऐसपैस कोलोनकर यांचं काही जमेना. १८२३ ला शहरातल्या प्रतिष्ठित लोकांनी कमिटी करून मिरवणूक काढली, आणि त्याच वर्षी रोटे फुंकेन नावाचं पथक निघालं, कोलोनच्या जुन्या निरुपयोगी शहर-सैनिकांची नक्कल करणारं. लाल-पांढरा गणवेश, लाकडी बंदूक, बंदुकीच्या नळीत फुलं. त्यांची कवायत बघाच: हुकूम सुटला की दोघे दोघे पाठीला पाठ लावतात, गुडघ्यात वाकतात आणि बँडच्या तालावर ढुंगणाला ढुंगण घासतात. पोट सुटलेले, पांढऱ्या मिशांचे, शहरातले वकील-व्यापारी, चेहरा एकदम गंभीर. लष्करी शिस्तीची याहून वाईट टिंगल मी तरी पाहिलेली नाही.

मुख्य मानकरी तिघे: राजपुत्र, शेतकरी आणि कुमारिका. कुमारिका परंपरेने पुरुषच होतो, दोन वेण्या आणि डोक्यावर तटबंदीच्या आकाराचा मुकुट, म्हणजे कधी न जिंकलं गेलेलं शहर. नाझींना हे खुपलं, १९३८ आणि १९३९ ला त्यांनी तिथे बाई उभी करायला लावली. युद्धानंतर पुन्हा पुरुष.

१९९१ ला आखाती युद्धामुळे रोझनमोंटागची मिरवणूक रद्द झाली, तरी लोक आपले आपण रस्त्यावर उतरलेच. २०२२ तर कसं, युक्रेनवर हल्ला झाला तो २४ फेब्रुवारी नेमका वायबरफास्टनाख्टचा गुरुवार. सोमवारी मिरवणुकीऐवजी शांतता मोर्चा निघाला, अडीच लाख माणूस, त्यात बरेच जण कॉस्च्युममध्येच. मी होतो. विदूषकाचा झगा घातलेला माणूस हातात निळा-पिवळा झेंडा धरून चालतोय आणि कोणालाच ते विसंगत वाटत नाहीये. नंतर २०२३ ला दोनशे वर्षं झाली म्हणून मिरवणूक पहिल्यांदाच ऱ्हाइनच्या पलीकडून, डॉइट्सहून पूल ओलांडून आली.

---

मांडवीकाठ

अरे हेच दिवस आमच्याकडे पण! गोव्याचा कार्निव्हल सुद्धा उपासांच्या आधीच, त्यामुळे तारखा त्याच आठवड्यात. पणजीत शनिवारी किंग मोमो येतो आणि फर्मान काढतो, खा, पिये आनी मजा कर. हे फ्लोट वगैरे सरकारी १९६५ पासूनचं, पर्यटनासाठी. त्याआधीचं म्हणजे इंत्रूज, गावागावात घरात घुसून एकमेकांना पीठ, पाणी, रंग फासायचे, ते माझ्या आजीच्या तोंडून ऐकावं. साश्टीत अजून गावोगाव खेळ करतात त्या दिवसांत. आता पणजीत निम्मे फ्लोट कंपन्यांच्या जाहिरातींचे असतात, त्यामुळे मास्तरांचं "बघणाऱ्यानेही वेष करायचा" वाचून हेवा वाटला. आमच्याकडे पब्लिक बॅरिकेडच्या मागे, टूरिस्ट टोपी घालून.

---

जुने_खोड

@मांडवीकाठ, जाहिराती इथेही आहेत हो, आणि मुख्य पथकांत शिरायला खिसा जड लागतो. राजपुत्र होणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं नाही. म्हणूनच मी सोमवारपेक्षा रविवारच्या शाळांच्या आणि वस्त्यांच्या मिरवणुका सुचवतो. मंगळवारी एहरेनफेल्ड, निप्पेस अशा भागांत स्वतंत्र छोट्या मिरवणुका असतात. पोरांनी पुठ्ठ्याचे वेष वर्गात बसून केलेले असतात.

---

आल्पसवासी

कोलोनचा नियम सगळीकडे लावू नका फक्त. मी बाझेलला (स्वित्झर्लंड) आहे. इथे उलटं. इथे कॉस्च्युम फक्त पथकातल्यांनी करायचा, तोही पूर्ण मुखवट्यासकट, बघणाऱ्याने साध्या कपड्यात यायचं आणि कोटाला ब्लागेट नावाचा बिल्ला विकत घेऊन लावायचा. नसला तर कागदाचे कपटे ओंजळीने कॉलरमध्ये कोंबतात. आणि तारीख पण वेगळी, बाकी सगळ्यांचं संपल्यावर, अशरमिटवोखनंतरच्या सोमवारी पहाटे ४ ला. ठोक्याला शहराच्या मध्यभागाचे दिवे बंद आणि अंधारात कंदील, ड्रम, पिकोलो (छोटी बासरी). कोलोनवाले आमच्याकडे लाल नाक लावून येतात तेव्हा आम्ही दुसरीकडे बघतो.

---

उपाशी_बोका

आणि कोलोनमध्ये "हेलाऊ" ओरडू नका. ती डुसेलडॉर्फच्या कार्निव्हलची आरोळी. इथे "आलाफ". आमच्यातल्या एकाने जोशात हेलाऊ दिलं, पुढचे दहा मिनिटं एकही चॉकलेट आमच्या दिशेला आलं नाही.

---

शेंगदाणा_लाडू

दारू न पिणाऱ्याचं काय? खरं सांगा.

---

एसटी_मास्तर

@शेंगदाणा, मी पीत नाही. सकाळी दहा ते चार एकदम झकास, त्यानंतर मजा उतरत जाते कारण बाकीचे फार पुढे गेलेले असतात. चारला निघायचं. परतीची गाडी एहरेनफेल्डहून पकडायची, मुख्य स्टेशनवर फलाटावर जायलाही रांग असते. आणि हातात कायम काहीतरी ग्लास ठेवा, त्यात सफरचंदाचा सोडा का असेना, नाहीतर दर मिनिटाला कोणीतरी प्रेमाने क्योल्श (कोलोनची बिअर) आणून देतं.

दारू नको पण रात्र बघायचीच असेल तर मंगळवारी जा. पबच्या दारावर सगळे दिवस एक पेंढ्याचा माणूस टांगलेला असतो, नुब्बेल. मध्यरात्री त्याला खाली काढून खोट्या पाद्र्याच्या वेषातला कोणीतरी आरोपपत्र वाचतो. पगार कोणी उडवला? सगळे ओरडतात, नुब्बेलने! बायकोला खोटं कोणी सांगितलं? नुब्बेलने! फुटबॉलची मॅच कोणी घालवली? नुब्बेलने! मग पेटवतात. माझ्या शेजारचा पोरगा पुटपुटला की थर्मोडायनॅमिक्सचा पेपर कोणी सोडला, आणि आम्ही आठ-दहा जणांनी जीव तोडून नुब्बेलचं नाव घेतलं.

---

कोरा_चहा

नुब्बेल आपल्याकडे इंपोर्ट करा रे कोणीतरी, सोसायटीच्या मीटिंगला लागेल.

---

निळावंती_के

अपडेट. चौघींत बरीच भांडणं होऊन नऊवारी रद्द झाली, वेताळांचा मुद्दा दोघींना पटला, दोघींना थंडी पटली. डबेवाले होतोय. पांढरे सदरे आतून दोन थर घालता येतील एवढे मोठे, टोप्या एकीची आजी शिवून पाठवतेय, डबे खरेच घेणार, आत तिखटमिठाच्या पुऱ्या. गुरुवारी बॉयल, रविवारी कोलोन, सोमवारचं ठरत नाहीये कारण मंगळवारी एकीची तोंडी परीक्षा आहे. फक्त सांगा, तपासणीत स्टीलचा डबा अडवतात का?

---

खापरपणजी

नाही, बंदी काचेला आहे. उघडून दाखवावा लागेल मात्र. पुऱ्या जास्त घ्या, पोलीसही मागतात.